गांजा : अबकारी परवान्यापासून आरोपपत्रापर्यंत

ज्या पदार्थाच्या विक्रीचे परवाने देऊन सरकार एके काळी महसूल गोळा करीत असे, तोच पदार्थ हाती सापडला म्हणून आज मनुष्यास वीस वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गांजाविषयीच्या कायद्यात एवढा पालट सुमारे शतकभरात झाला. तो कसा झाला हे पाहिले, म्हणजे आजच्या कायद्यापुढे नागरिक नेमका कोठे उभा आहे हेही उमगते.

मुंबई इलाख्यात त्या वेळचा अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. गांजाने माणसे वेडी होतात, अशी ओरड विलायतेत झाल्यावर १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. त्याने १,१९३ साक्षी नोंदविल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील १८९२ सालचे जे २२२ रुग्ण गांजा-भांगेमुळे वेडे झाले असे दप्तरी लिहिले होते, त्यांची त्याने एकेक करून छाननी केली, तेव्हा ९८ जणांच्या बाबतीतच त्या नोंदीला काही आधार निघाला. बंदी नको, कर व नियंत्रण पुरे, असा अभिप्राय आयोगाने १८९४ साली दिला. तो आज सर्वांस पटेलच असे नाही; परंतु दप्तरातील नोंद म्हणजे पुरावा नव्हे, हा त्याचा धडा मोलाचा आहे.

म्हैसूर संस्थान १८८१ सालीच वडियार घराण्याकडे परत गेले होते आणि तेथे १९०१ साली संस्थानाचा स्वतःचा अबकारी कायदा झाला. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे सारे चित्र पालटले. औषधी व शास्त्रीय उपयोग सोडून गांजाचा अन्य वापर पंचवीस वर्षांत थांबवावा, असे त्यात ठरले. त्यास अनुसरून १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कायदा देशभर, अर्थात म्हैसुरातही, लागू झाला.

या कायद्यात व्याख्या व वजन यांना फार महत्त्व आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे. शेंड्यांविना असलेली नुसती पाने व बी त्यात येत नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ साली जामिनाच्या एका प्रकरणात, भांग या व्याख्येत बसत नाही, असे म्हटले. वजनानुसार शिक्षेच्या पायऱ्या २००१ साली ठरल्या. आज १ किलोच्या आत माल असल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोंहून अधिक असल्यास किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि शिवाय दंड. मधल्या वजनास दहा वर्षांपर्यंत कैद व दंड. सर्वांत वरच्या पायरीवर जामीनही अत्यंत दुर्घट होतो.

याहून कठोर गोष्ट पुढेच आहे. ताबा सिद्ध झाला की आरोपीस त्याची जाणीव होती, असे न्यायालय गृहीत धरते. परगावी शिकणाऱ्या मुलाने मित्राची पिशवी केवळ भिडेखातर सांभाळली असेल, तर आत काय आहे हे आपणास ठाऊक नव्हते, हे त्यालाच निःसंशयपणे सिद्ध करावे लागते.

म्हणूनच कार्यपद्धतीचे नियम हे नागरिकाचे कवच ठरतात. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आरोपीस सांगणे बंधनकारक आहे. हातातील पिशवीस मात्र हा नियम लागू नाही. तपास अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले.

हे नियम अपराध्यास सुटण्याच्या पळवाटा आहेत, असे पुष्कळांना वाटते. परंतु जेथे एका वजनाच्या आकड्यावर दहा वर्षांचे आयुष्य तोलले जाते, तेथे तो काटा कोणी धरला, कोणासमोर धरला आणि त्यात नेमके काय घातले, हे विचारलेच पाहिजे. इस्पितळाच्या दप्तरातील २२२ नोंदी आयोगाने तशाच स्वीकारल्या नाहीत. न्यायालयानेही पंचनामा तितक्याच साक्षेपाने वाचला पाहिजे.