राज्यसभेतील डॉ. आंबेडकर : १९५२ ते १९५६

भारतीय संसदेचे वरिष्ठ सभागृह १३ मे १९५२ रोजी पहिल्यांदा भरले. त्या वेळी त्याचे इंग्रजी नावच प्रचारात होते. ‘राज्यसभा’ हे नाव ऑगस्ट १९५४ मध्ये जाहीर झाले. सभागृहात २१६ सदस्य होते. त्यांपैकी १२ राष्ट्रपतींनी नेमलेले आणि बाकीचे राज्यांच्या वतीने निवडून आलेले होते. अध्यक्षस्थानी उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. मुंबई राज्याच्या वाट्याला आलेल्या १७ जागांपैकी एका जागेवर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर निवडून आले होते.

आंबेडकर या सभागृहात आले ते पराभवानंतर. हिंदू संहिता विधेयक बारगळल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. लोकसभेचे दार बंद झाल्यावर विधानसभा सदस्यांच्या मतांनी ते वरिष्ठ सभागृहात पोहोचले. दोन्ही सभागृहांत काँग्रेसचे मोठे बहुमत होते आणि आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बळ नगण्य होते. ठराव मंजूर करून घेण्याइतकी मते त्यांच्या पाठीशी कधीच नव्हती. सभागृहावर प्रभाव पाडण्याचे त्यांचे एकमेव साधन म्हणजे युक्तिवाद.

त्यांचे पहिले महत्त्वाचे भाषण २७ मे १९५२ रोजी अर्थसंकल्पावर झाले. अर्थसंकल्प अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मांडला होता. अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने आंबेडकरांनी सर्वांत मोठ्या खर्चावर बोट ठेवले. केंद्राच्या महसुलाचा जवळपास निम्मा भाग सैन्यावर खर्च होत होता. एवढे सैन्य कोणाविरुद्ध ठेवायचे, असा त्यांचा प्रश्न होता. परराष्ट्र धोरणात मित्र जोडले नाहीत, तर संरक्षणाचा सारा भार एकट्यालाच उचलावा लागतो आणि तो पैसा शिक्षण, आरोग्य व शेती यांच्या वाट्यातून जातो, असा त्यांचा रोख होता. राजीनाम्याच्या निवेदनातही त्यांनी हीच चिंता मांडली होती.

तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी केलेल्या उपोषणाचा शेवट डिसेंबर १९५२ मध्ये त्यांच्या मृत्यूने झाला. त्यानंतर सरकारने हे राज्य मान्य केले. त्यासंबंधीच्या आंध्र राज्य विधेयकावर आंबेडकर २ सप्टेंबर १९५३ रोजी बोलले. सरकार आधी नकार देते आणि दंगे उसळले की मान्यता देते, या धरसोडीवर त्यांनी प्रथम टीका केली. मग ते मूळ मुद्द्याकडे वळले. भाषावार राज्यात एखादी प्रबळ जात जमीन, नोकऱ्या आणि व्यापार आपल्या हाती घेते. खेड्यातल्या दलितांना मग दाद मागायला जागा उरत नाही. म्हणून अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालांना खास अधिकार द्यावेत, असे त्यांनी सुचवले.

घटना तर तुम्हीच केली, असा प्रतिटोला सभागृहातून आला. त्यावर आंबेडकरांनी दिलेले उत्तर आजही गाजते. आपण भाडोत्री लेखनिकासारखे काम केले, पुष्कळसे मनाविरुद्ध केले, आणि ही घटना जाळायची वेळ आली तर ती जाळणारा पहिला माणूस आपणच असू, असे ते म्हणाले. हे उद्गार पुढे अनेकदा संदर्भ तोडून उद्धृत झाले. दुर्बळांचे रक्षण करू शकत नसेल, तर आपलीच कृती आपल्याला पवित्र नाही, असा त्या उद्गारांचा अर्थ त्या दिवसाच्या चर्चेतून निघतो.

१९५४ च्या पावसाळी अधिवेशनात ते सर्वाधिक बोलले. २६ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर चर्चा झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला होता आणि त्यातल्या पंचशील तत्त्वांचा गौरव सर्वत्र होत होता. आंबेडकरांनी त्यावर शंका घेतली. पंचशील ही बौद्ध परंपरेतली संज्ञा आहे. चीनचे नेते माओ यांचा त्यावर विश्वास असता, तर त्यांनी तिबेटातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असे त्यांनी दाखवून दिले. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चिनी सैन्य भारताच्या सीमेवर येऊन ठेपेल, हा इशारा त्यांनी दिला.

याच भाषणात गोव्याचा प्रश्न आला. महिनाभरापूर्वी स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केले होते, आणि गोव्याचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात धगधगत होता. सरकारने सुरुवातीलाच ठाम पाऊल उचलले असते, तर छोट्याशा पोलिस कारवाईने गोवा मिळाला असता, असे आंबेडकरांचे मत होते. गोवा विकत घेण्याचा किंवा भाडेपट्ट्याने मिळवण्याचा मार्गही त्यांनी सुचवला होता.

सप्टेंबरमधल्या दोन भाषणांत ते आपल्या आयुष्यभराच्या विषयाकडे आले. ६ सप्टेंबरला अनुसूचित जाती व जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी जमिनीचा प्रश्न मांडला. खेड्यातल्या दलिताकडे जमीन नाही, म्हणून तो सवर्ण जमीनदाराच्या मुठीत राहतो. पडीक जमीन त्याला दिली तर तो स्वतःच्या पायावर उभा राहील. यासाठी पैसा कोठून आणायचा, याचे उत्तरही त्यांच्याजवळ होते. रद्द झालेला मिठावरचा कर पुन्हा बसवावा आणि त्याच्या उत्पन्नातून गांधीजींच्या नावाने निधी उभारावा, अशी त्यांची सूचना होती. ज्या कराविरुद्ध सत्याग्रह झाला, तोच कर अस्पृश्यांच्या पुनर्वसनासाठी वापरण्याची ही कल्पना सभागृहाच्या पचनी पडली नाही.

१६ सप्टेंबरला अस्पृश्यता (अपराध) विधेयक चर्चेला आले. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती, पण ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा केंद्रीय कायदा अजून नव्हता. आंबेडकरांनी विधेयक नावापासूनच तपासले. अस्पृश्यतेचे नाव मिरवण्याऐवजी हा कायदा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा म्हणून ओळखला जावा, असे त्यांना वाटत होते. पाणवठा, रस्ता, देऊळ, दुकान हे प्रत्येक नागरिकाच्या हक्काचे विषय आहेत, ही त्यामागची भूमिका होती. दुसरा आक्षेप तडजोडीच्या तरतुदीवर होता. न्यायालयाच्या परवानगीने फिर्यादी आणि आरोपी यांना प्रकरण आपसात मिटवता येणार होते. ज्या गावात फिर्यादीची रोजची भाकरी आरोपीच्या शेतावर अवलंबून आहे, तिथे अशी तडजोड दडपणाखालीच होणार, हे उघड होते.

१९ मार्च १९५५ रोजी चौथ्या घटनादुरुस्तीवरील चर्चेत त्यांना घटना जाळण्याच्या उद्गारांची आठवण करून देण्यात आली. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मंदिराच्या दृष्टान्ताने होते : देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच असुराने ते बळकावावे, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते? मंदिर पाडण्यापेक्षा असुरालाच घालवा, असे एका सदस्याने सुचवले. तेव्हा आंबेडकरांनी शतपथ ब्राह्मणाचा हवाला देऊन देव असुरांकडून वारंवार कसे हरले ते सांगितले. मूळ विषय मालमत्तेच्या भरपाईचा होता. त्याविषयीचे कलम ३१ हे पटेल, नेहरू आणि पंत यांच्या तीन वेगवेगळ्या मतांमधली तडजोड आहे. ते आपले अपत्य नाही, असे त्यांनी निःसंकोचपणे नोंदवले.

त्यानंतर मधुमेहाने आणि इतर व्याधींनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. एप्रिल १९५६ मध्ये त्यांची राज्यसभेवर फेरनिवड झाली. १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

या साडेचार वर्षांत त्यांच्या भाषणांमुळे एखादे मतदान फिरले असे झाले नाही. काळाने मात्र त्यांतल्या पुष्कळ मुद्द्यांना पुष्टी दिली. तिबेटविषयीच्या इशाऱ्याची प्रचीती १९६२ मध्ये आली. गोवा १९६१ च्या डिसेंबरमध्ये लष्करी कारवाईने मुक्त झाला. कलम ३१ घटनेतून १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने गेले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या ग्रंथमालेत ही सारी संसदीय भाषणे आज वाचायला मिळतात. ज्या विधेयकाच्या नावावर त्यांनी आक्षेप घेतला होता, ते १९५५ मध्ये जुन्याच नावाने कायदा झाले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७६ मध्ये, संसदेने त्यातली तडजोडीची तरतूद काढून टाकली आणि कायद्याचे नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’ असे केले.