शाळेचा अहवाल कोणापुढे वाचायचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

२०२५ साली राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचं एकच वेळापत्रक अख्ख्या महाराष्ट्राला लावलं, ८ ते २५ एप्रिल. त्या वर्षी हनुमान जयंती आली १२ एप्रिलला. हिंजवडीत हनुमान जयंती म्हणजे म्हातोबाची यात्रा. बगाड हिंजवडीतून निघतं आणि वाकडला जातं, गळकऱ्याला बघायला पाहुणेरावळे येतात, घराघरात चुली पेटलेल्या असतात. त्या आठवड्यात पोरगं भूमितीचं पुस्तक उघडून बसेल असं ज्याला वाटतं, त्यानं आपली यात्रा पाहिलेली नाही.

वेळापत्रकामागचं कारण अगदीच चुकीचं नव्हतं. परीक्षा लवकर उरकून एप्रिलमध्ये शाळा ओस पडतात, ते थांबवायचं होतं. शिक्षकांची तक्रार वेगळी होती : २५ तारखेला शेवटचा पेपर आणि १ मेला निकाल, मग पेपर तपासायचे कधी? दोघांचं ऐकून मला पडलेला प्रश्न मात्र जुना आहे. शाळेचं वर्ष संपतं ते कोणाच्या हिशेबानं? आणि संपताना हिशेब द्यायचा कोणाला?

थोडं मागं जाऊ.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. लोकमान्य टिळक मॅट्रिक झाले ते डिसेंबर १८७२ मध्ये. महिना लक्षात घ्या. म्हणजे मार्चची परीक्षा आणि मेची सुट्टी ही काही देवानं घालून दिलेली गोष्ट नाही. शाळेच्या वर्षाचा शेवट विद्यापीठ ठरवायचं, आणि विद्यापीठाला भाताची झोडणी, सुगी, यात्रा-जत्रा यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा मुळशीच्या पोरांसाठी हायस्कूल म्हणजे पुणं. आपल्याकडून अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं, पण ते पायी किंवा बैलगाडीचं. शहरात राहायचं कुठं आणि खायचं काय, इथंच शिक्षण अडायचं. ब्राह्मणाच्या मुलाला निदान वार लावून जेवता यायचं. शेतकऱ्याच्या, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलाला ती सोय कुठली? म्हणून बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास वर्गापासून नाही, वसतिगृहापासून सुरू होतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली, पुण्यात १९१८ साली श्री शिवाजी मराठा हायस्कूल निघालं, आणि १९१९ साली कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चं. आपल्या जिल्ह्यात बाबुराव घोलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्हा शिक्षण मंडळ सुरू केलं ते १९४१ साली. गांधीजींच्या हत्येनंतर कर्मवीरांनी त्यांच्या नावानं गावोगाव हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. आजही पश्चिम महाराष्ट्रात फिरताना ‘महात्मा गांधी विद्यालय’ अशी पाटी दिसली की बहुतेक वेळा त्याची मुळं तिथं असतात.

दुसरी पाटी असते ‘न्यू इंग्लिश स्कूल’ची. बाहेरचा माणूस फसतो. त्याला वाटतं इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, आणि आत तर सगळं मराठी. चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली पुण्यात काढलेल्या शाळेचं ते नाव, गावांनी अभिमानानं उचललं. इंग्रजी शिकवणारी शाळा आपल्या गावात आली, एवढाच त्याचा अर्थ. आज आयटी पार्कात ‘इंग्लिश स्कूल’ म्हटलं की डोळ्यांपुढं पिवळी बस येते. असो.

या संस्था शाळा काढत, पण शाळा उभी कशावर राहायची? कुणी जमीन दिली, कुणी खोली बांधून दिली. कुणी खळ्यावर पायली-दोन पायली धान्य दिलं. पैसा नसेल त्यानं दगड-माती वाहिली. वर्ग आधी देवळात, धर्मशाळेत, नाहीतर कुणाच्या तरी वाड्यात भरायचे, इमारत मागाहून. सरकारी अनुदान यायचं, पण उशिरा. फीचा प्रश्न १९५९ नंतर हलका झाला. त्या वर्षी बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ईबीसी सवलत आली. आधी ९०० आणि मग १२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ झाली. माझ्या मते मुळशी-मावळातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीवर या एका निर्णयाचे उपकार कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठे आहेत.

आता मुद्द्याचं. ज्या शाळेत गावाचं धान्य गेलंय, तिनं गावाला हिशेब द्यायला नको? तो दिला जायचा गॅदरिंगला.

गॅदरिंग म्हटलं की आपल्याला नाच आठवतो. पण जुन्या कार्यक्रमपत्रिका बघा. ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, आणि मग ‘अहवाल वाचन’. मुख्याध्यापक उभे राहायचे आणि वाचायचे : पट किती, त्यात मुली किती, गेल्या वर्षी बोर्डाला किती बसले, किती पास झाले, खो-खोचा संघ कुठवर गेला, विज्ञान प्रदर्शनात काय मिळालं, कोणी किती देणगी दिली, किती खोल्या अजून पत्र्याच्या आहेत, प्रयोगशाळेला काय पाहिजे. पोरं मागं दंगा करायची, कारण त्यांना पुढचा लेझीमचा आयटम हवा असायचा. पण पहिल्या दोन रांगांत बसलेली पागोटी-टोप्यावाली माणसं कान देऊन ऐकायची. त्यातल्या निम्म्यांना सही येत नसेल. तरी ‘गेल्या साली मुली अकरा होत्या, औंदा नऊच का?’ हे विचारायला सही यावी लागत नाही.

लोकशाहीतलं सामाजिक अंकेक्षण वगैरे शब्द पुढं आले. ही तेच होतं, फक्त मंडपात, कर्ण्यावर.

त्याच दिवशी बक्षिसं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात पहिल्या येणाऱ्यास. अशी ठेव कुणीतरी कधीकाळी पाचशे एक रुपयांची ठेवलेली असते आणि तिच्या व्याजावर बक्षीस. आज त्या व्याजात एक बरं पेनही येत नाही, पण नाव वाचलं जातं. मेलेल्या माणसाचं नाव दर वर्षी एकदा गावापुढं उच्चारलं जायचं, यासाठी तर लोक ठेवी ठेवायचे.

मग निरोप समारंभ. दहावीची मुलं वर्गणी काढून शाळेला काहीतरी भेट द्यायची. भिंतीवरचं घड्याळ, लाकडी कपाट, भाषणाचं स्टँड, आणि त्यावर रंगानं लिहिलेलं बॅचचं साल. कुठल्याही जुन्या शाळेच्या ऑफिसात जा, कपाटांवरची सालं वाचत गेलात तर शाळेचा अर्धा इतिहास कळतो. १९७५ सालच्या भेटवस्तू दोन-दोन असायला हरकत नाही, कारण त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकदम बोर्डाला बसल्या. आकृतिबंध बदलला तो असा.

परीक्षेचं केंद्र बहुधा दुसऱ्या गावी. आपल्या शाळेला केंद्र मिळणं ही गावाच्या इज्जतीची गोष्ट होती, कारण मुलींना बाहेरगावी पाठवायला घरचे कचरायचे आणि केंद्र गावात आलं की मुलींची संख्या वाढायची. निकाल पेपरात नंबरानं छापून यायचा. पेपर गावात एक, आणि त्याच्याभोवती पन्नास डोकी.

हे सगळं ज्या हिंजवडीत शक्य होतं, ती शेतीची हिंजवडी होती. इथं खरं तर साखर कारखाना व्हायचा होता. शरद पवारांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितलेली आहे : कारखान्याच्या भूमिपूजनाला आले आणि म्हणाले की ही जागा आयटीला द्या, कारखाना दुसरीकडे करू. संत तुकाराम कारखाना मग कासारसाई-दारुंब्रेला झाला आणि इथं राजीव गांधी इन्फोटेक पार्क. जमीन कंपनीकडं जाणं मुळशीकरांना नवीन नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो याच तालुक्यात. फरक एवढाच की तेव्हा गावं बुडाली, आणि आता गाव बुडालं नाही, वर आलं. पैसा आला, चाळी आल्या, टॉवर आले.

शाळेच्या बाबतीत मात्र एक उलथापालथ झाली, आणि तिच्याविषयी आपण उघड बोलत नाही. ज्यांच्या आजोबांनी पायलीनं धान्य दिलं, त्यांची नातवंडं पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाला गेली. त्यात गुन्हा नाही, मीही त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या बाकांवर आता कोण बसतं? सोसायटीच्या सिक्युरिटी गार्डची मुलगी, बांधकामावरच्या गवंड्याचा मुलगा, चार घरी पोळ्या लाटणाऱ्या मावशींची पोरं. लातूर, बीड, यवतमाळ, कलबुर्गी, बिहार. मराठी शाळा हिंजवडीत टिकली असेल तर ती या पोरांमुळे. आणि गॅदरिंगच्या पहिल्या दोन रांगांत? तिथं अजून आपणच बसतो, पाहुणे म्हणून, फेटे बांधून. पोरांचे आईबाप मागं उभे, नाहीतर ड्युटीवर.

अहवाल वाचन तर बहुतेक ठिकाणी पत्रिकेत एक ओळ उरलंय. ‘वेळेअभावी अहवाल वाचला असे समजावे.’ एलईडीचा पडदा आणि डीजे यांच्यामध्ये त्याला पाच मिनिटंही नाहीत.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावेत असं सांगितलं. चांगलं केलं. पण तो कायदा आठवीपर्यंतचा, सहा ते चौदा वयाचा. ज्या दोन वर्षांत मुलगी शाळा सोडायची शक्यता सगळ्यात जास्त, त्या नववी-दहावीच्या तोंडाशी येऊन तो थांबतो.

करोनात हे सगळं आणखी उघडं पडलं. २०२० च्या मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. २०२१ च्या बॅचची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के. राज्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निकाल, आणि पेढे वाटायला कुणाचा हात पुढं होईना. त्या बॅचचं कपाट शाळेत नाही. गॅदरिंग नाही, निरोप नाही, सही केलेला शर्ट नाही. भाड्याच्या खोलीतली जी मुलं त्या काळात गावाकडं परतली, त्यातली किती पुन्हा शाळेत आली, हा आकडा कुठल्या मंडपात वाचला गेला? कुठल्याच नाही.

आता शाळेचे निर्णय आणखी वर गेलेत. २०२५ मध्ये बोर्डानं दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू केली, निकाल १३ मेला लावला. वर्ष १ एप्रिलपासून सुरू करायची चर्चा येते नि जाते. शिक्षकांची पदं पटावर ठरवणारा १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आहे, ज्याविरुद्ध शिक्षक रस्त्यावर आले. त्याची झळ हिंजवडीला नाही, आपल्याकडं पोरं भरपूर. ती बसते ताम्हिणीच्या बाजूच्या, धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना, जिथं पटच मोजका. एकाच तालुक्यात एकीकडं वर्गात बसायला जागा नाही, दुसरीकडं वर्गात शिकवायला माणूस राहील का याची धास्ती. तालुक्याची म्हणून एकत्र आकडेवारी कुणी गावापुढं ठेवत नाही, म्हणून दोन्ही टोकांना वाटतं की हा आपला एकट्याचा प्रश्न.

म्हणून एक सुचवतो. १ मेला सकाळी शाळेत झेंडावंदन होतं आणि निकाल हातात मिळतात. १ मेलाच ग्रामसभाही असते. वर्षातल्या चार ठरलेल्या ग्रामसभांपैकी ती एक. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गावात, आणि एकमेकांशी काही संबंध नाही! त्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘माध्यमिक शाळेचा वार्षिक अहवाल’ हा विषय घ्यावा. शाळा खासगी संस्थेची, अनुदानित, तिच्यावर ग्रामसभेचा अधिकार नाही, हे मला माहीत आहे. अधिकार नको, वाचन पाहिजे. पट, मुली, गळती, रिकामी पदं, बंद पडलेली शौचालयं, शिल्लक देणगी. भाडेकरू पालकांचं नाव इथल्या मतदारयादीत नसेल, तर त्यांना हात वर करता येणार नाही, पण खुर्चीवर बसून ऐकायला कोण अडवतं? सुट्टीचा दिवस आहे, त्यातले निम्मे तरी येतील. आणि त्यांना बोलावणं हलगीवर नाही, त्यांच्या पोरांच्या हाती चिठ्ठीनं जावं.

हिंजवडी महापालिकेत घ्यायची मागणी किती वर्षं चाललीय तुम्हाला ठाऊकच आहे. रस्ते, पाणी, कचरा पाहता मीही तिच्या विरोधात नाही. पण महापालिका आली की ग्रामसभा संपते. नगरसेवक मिळतो, सभा मिळत नाही. तेव्हा हे करायचं असेल तर आत्ताच, ग्रामसभा आहे तोवर. विषय सुचवायचा लेखी अर्ज मी तयार करतोय. सही करायची असेल त्यांनी खाली नाव नको, नुसता मेसेज करा. आणि शाळेत १९९० च्या आधी शिकलेल्या कुणाकडं जुन्या गॅदरिंगची छापील पत्रिका किंवा अहवाल असेल, तर फोटो काढून पाठवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, जपून ठेवा.