मठ, खाण आणि मावसभावाचं कपाट

कागदपत्रं जपायचे मुख्य मार्ग दोन. एक, भक्कम जागा शोधून अस्सल प्रत तिथे कोंडून ठेवायची. दुसरा, तिच्या नकला करून दूरदूरच्या माणसांकडे ठेवायच्या.

पहिल्या मार्गाचा नमुना आमच्याच राज्यात, पेनसिल्व्हेनियात आहे. स्टेट कॉलेजच्या पश्चिमेला, पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला बॉयर्स नावाचं खेडं आहे. तिथल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत अमेरिकी सरकारी नोकरांच्या निवृत्तीची कागदपत्रं कित्येक दशकं ठेवली गेली. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध बेटमन छायाचित्रसंग्रह, एक कोटीहून जास्त छायाचित्रांचा, 2001 च्या सुमारास तिथेच हलवला. निगेटिव्ह कुजू नयेत म्हणून जमिनीखाली शीतगृह केलं. खाण मुळातच थंड, त्यामुळे वीजही कमी लागते. काम चोख आहे यात शंका नाही. पण अशी खाण परवडायला कंपनी तरी हवी नाहीतर सरकार.

दुसऱ्या मार्गाची बाजू थॉमस जेफरसनने 1791 साली मांडली होती. जुने सरकारी कागद गोळा करणाऱ्या एबेनेझर हॅझर्डला त्याने पत्रात कळवलं की, कड्याकुलपांत कागद बंद करून उपयोग नाही. इतक्या प्रती काढा की अपघाताचा हात सगळ्यांपर्यंत पोचणारच नाही. आपल्याकडे हा धडा त्याच्या कितीतरी आधी शिकून झाला होता, आणि तोही मोठी किंमत मोजून.

चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला म्हाइंभट निघाले ते 1278 च्या सुमारास. ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडून ते गावोगाव फिरून टिपलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, 'लीळाचरित्र' आकाराला आलं. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. आणि परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, दिल्लीच्या फौजा दख्खनेत उतरल्या त्या धामधुमीत, मूळ पोथी लुटीत गेली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. हिराइसांचा पाठ त्यातलाच. एकाऐवजी अनेक पाठ तयार झाले, त्यांत फरकही पडले. आज आपण 'लीळाचरित्र' वाचतो ते बॅकअपवरून परत मिळवलेलं आहे, आणि तो बॅकअप माणसांच्या डोक्यात होता!

पुढे पंथाने पोथ्या सांकेतिक लिपींत उतरवल्या. सकळ, सुंदरी, अंक, पारमांडल्य अशा वीसहून अधिक लिप्या. सकळ लिपीचं श्रेय रवळोबासांना देतात. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर, असा तिचा साधा हिशोब. हे परक्यांपासून लपवण्यासाठी होतं की पावित्र्य राखण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणाम मात्र एकच झाला. पोथ्या विदर्भापासून पंजाबातल्या जयकृष्णी मठांपर्यंत सुरक्षित राहिल्या, आणि बाहेरच्या मराठी वाचकाला त्या शतकानुशतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी लिपीची किल्ली मिळवली तेव्हा आपल्या साहित्याच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने लिहावी लागली.

पुण्याची भांडारकर संस्थाही या संदर्भात आठवते. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 इतक्या काळात सिद्ध झाली, 1259 हस्तलिखितं पाहून. शारदा, नेपाळी, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिपींत, एकमेकांना न ओळखणाऱ्या नकलाकारांनी प्रती ठेवल्या म्हणून तर तुलना करता आली. त्याच संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी जमाव चालून गेला आणि जुने ग्रंथ, वस्तू यांची नासधूस झाली. महाभारत वाचलं, कारण ते एव्हाना जगभर छापील रूपात पोचलं होतं. ज्याची प्रत एकच होती त्याला तो आधार नव्हता.

आता माझ्या कपाटाची गोष्ट. आजोबांच्या मोडी वह्यांचे स्कॅन आणि आईच्या आवाजातल्या ओव्या माझ्याकडे आहेत. स्टेट कॉलेजच्या घराला आग लागली तर दोन्ही संपलं. म्हणून दुसरी प्रत न्यूजर्सीला मावसभावाकडे ठेवली. वहिनींच्या अटी तीन: आवाज नको, बिल वाढायला नको, आणि "भावजी, आमच्या घरात कुणी इंटरनेटवरून शिरणार नाही ना?"

तळहाताएवढा संगणक पाच वॅट खातो, म्हणजे वर्षाला 44 युनिट. जुना ऐंशी वॅटचा डेस्कटॉप चालू ठेवला असता तर सातशे झाले असते. पंखा नाही, तेव्हा आवाजही नाही. तो संगणक स्वतःच माझ्याकडे जोडणी करतो. त्यामुळे भावाच्या राउटरला बाहेरून दार उघडावं लागत नाही. अँड्र्यू ट्रिजेलने 1996 साली आणलेल्या आरसिंकच्या युक्तीने फक्त बदललेला भाग जातो. फाइली माझ्या घरून निघण्याआधीच कुलूपबंद होतात, तेव्हा न्यूजर्सीच्या डिस्कवर आहे ती आमची सकळ लिपी. जुन्या प्रतीही राखून ठेवतो, नाहीतर इथे चुकून पुसलेलं तिथेही इमानदारीत पुसलं जायचं.

किल्ली मात्र कागदावर लिहून पुण्याला धाकट्या बहिणीकडे ठेवली आहे. माझ्यानंतर डिस्क राहिली आणि किल्ली गेली, तर पुढच्यांना एखादा राजवाडे भेटेलच असं नाही. आजचं कुलूप त्याच्यानेही उघडणार नाही. दर सहा महिन्यांनी एक वही परत मागवून उघडून पाहतो. पेटी काही वर्षांत बिघडेल, मग सगळं नव्या पेटीत उतरवायचं. मठातले नकलाकारही पिढ्यान् पिढ्या हेच करत आले.

तुमच्याही घरी एखादी वही, एखादी कॅसेट असेलच. तिची दुसरी प्रत कुठल्या गावी आहे?