रिकाम्या रकान्याचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्रभर चालणाऱ्या एका प्रयोगात मध्येच लाईट गेली आणि चार रीडिंग हुकली. सकाळी एक्सेलमध्ये आकडे भरताना मी त्या चार रकान्यांत सरळ शून्य टाकून मोकळा झालो. ग्राफ पाहून गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "इथे सिग्नल खरंच शून्य होता, की तू मोजलंच नाहीस?" मला उत्तर देता आलं नाही.

हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो अगदी वेगळ्या ठिकाणी. गेले काही महिने मी फावल्या वेळात अमेरिकी लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळाचे निकाल वाचतोय. अर्जदारांची नावं झाकून ते सार्वजनिक केलेले असतात. अर्ज बहुतेक एकाच धर्तीचे: मी लढलो, जखमी झालो, पण माझ्या सेवेच्या कागदावर त्याची नोंद नाही, ती करा. मी विज्ञानाचा विद्यार्थी, इतिहासाचा नाही. तरी संशोधन पद्धतीच्या कोर्सवर्कमध्ये जे शिकलो नाही, ते या निकालांत सापडलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी म्हणून आजचा हा लेख.

कागद काय म्हणतो?

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकाला सुटकेच्या वेळी एक छापील फॉर्म मिळायचा. त्यात कोणत्या मोहिमांत भाग घेतला, कोणती पदकं मिळाली, लढाईत कोणत्या जखमा झाल्या, असे रकाने असत. १९४५-४६ मध्ये लाखो सैनिक एकदम घरी पाठवायचे होते. सुटका केंद्रातला कारकून टाइपरायटरवर धडाधड फॉर्म भरत असे. समोर कागद नसला की जखमांच्या रकान्यात "नाही" असं टाइप व्हायचं. माझ्या एक्सेलमधलं शून्य आणि हे "नाही" एकाच जातीचं. पुढे वाचणाऱ्याला ते मोजलेल्या उत्तरासारखं दिसतं.

आता हा रकाना रिकामा राहिला तर बिघडतं काय? खूप बिघडतं. लढाईत जखमी झालेल्याला मिळणारं पर्पल हार्ट नोंदीवर असेल, तर माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत प्राधान्य मिळतं. शिवाय मानाचा भाग आहेच. ऐंशीच्या घरातला माणूस अर्ज करतो, तेव्हा बहुतेकदा त्याला नातवंडांच्या हातात एक खरा कागद ठेवायचा असतो.

नियम आला, पण फॉर्म आधीच भरला होता

नोंद नसण्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज हे पायदळाच्या सैनिकाने प्रत्यक्ष जमिनीवरच्या लढाईत भाग घेतल्याचं चिन्ह १९४३ मध्ये सुरू झालं. पुढे १९४७ मध्ये असा निर्णय झाला की दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी हा बॅज मिळवला, त्यांना ब्राँझ स्टार हे पदकही मिळावं. पण तोपर्यंत बहुतेक सैनिक घरी पोचले होते, शेतीला किंवा कारखान्यात लागले होते. त्यांचा फॉर्म १९४५ चा आणि नियम १९४७ चा. पदक हक्काचं, पण अर्ज केला तरच मिळणार. अनेकांना हा नियम कळला तो म्हातारपणी.

इथे कोणी खोटं बोललेलं नाही, कोणाची चूकही नाही. कागद ज्या दिवशी लिहिला, त्या दिवसापुरता तो बरोबरच आहे. म्हणून कुठलाही दस्तऐवज हातात घेतला की त्याची तारीख आधी बघा आणि त्या तारखेला कोणते नियम लागू होते ते तपासा.

कागद जळाला

दुसरं कारण आग. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवा-नोंद केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती विझवायला काही दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के, आणि १९४७ ते १९६४ या काळात सुटलेल्या हवाई दलातल्या, इंग्रजी वर्णानुक्रमात 'हबर्ड' नंतर येणाऱ्या आडनावांच्या सुमारे ७५ टक्के. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. इमारतीत फवारे बसवले नव्हते, कारण पाण्याने कागद खराब होतील अशी त्या काळी भीती होती. शेवटी अग्निशामक दलाच्या पाण्यानेच उरलेल्या फायली भिजल्या आणि त्यांना बुरशी लागू लागली. मग अवकाश मोहिमांच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या निर्वात कक्षात त्या वाळवल्या. अशा सुमारे ६५ लाख नोंदी वाचल्या.

संख्याशास्त्र शिकलेल्यांना इथे एक गोष्ट लक्षात येईल. ही फाईल जळण्याचा आणि त्या माणसाच्या शौर्याचा काडीचाही संबंध नाही. आडनाव काय होतं, कुठल्या दलात होता, कधी सुटला, यावर ते ठरलं. अशा वेळी "फाईलमध्ये पुरावा नाही" या वाक्याला काही वजनच उरत नाही, कारण फाईलच नाही.

मग करायचं काय? आडवाटेने जायचं. समजा, पायदळातला एक सैनिक आहे आणि त्याची फाईल राख झाली आहे. पहिला आधार मॉर्निंग रिपोर्टचा. प्रत्येक कंपनी रोज हा एक प्रकारचा हजेरीपट भरायची. पण त्याची गंमत ऐका: त्यात फक्त बदल लिहीत. कोण नवीन आला, कोण आजारी पडला, जखमी झाला, मेला, बढती मिळाली, एवढंच. जो सैनिक महिनोन्‌महिने आघाडीवरून हललाच नाही, त्याचं नाव त्या काळात कुठेच दिसत नाही. जो जास्तीत जास्त हजर, तोच कागदावर गायब! हजेरीपट कसा भरायचे हे ठाऊक नसलेला संशोधक इथे हमखास उलटा निष्कर्ष काढेल.

दुसरा आधार पगाराचा. १९४४ च्या कायद्याने या बॅजधारकाला महिन्याला १० डॉलर जादा मिळू लागले. शौर्याची नोंद हरवली तरी पैशाची नोंद कुठेतरी राहू शकते. तिसरा आधार दवाखान्याचा. १९४२-४५ आणि १९५०-५४ या काळातल्या रुग्णालय-भरतीच्या सांकेतिक नोंदी १९८८ मध्ये, म्हणजे आगीनंतर १५ वर्षांनी, हाती आल्या. त्या अपुऱ्या आहेत आणि त्यांत नावं नाहीत, सैनिक क्रमांक आहेत. संख्याशास्त्राच्या कामासाठी जमवलेला डेटा अशा रीतीने एखाद्याची जखम सिद्ध करायला उपयोगी पडला.

सिद्ध कोणी करायचं?

१९४६ पूर्वी अशी दुरुस्ती हवी असेल तर अमेरिकी काँग्रेसमध्ये त्या एका माणसासाठी वेगळं विधेयक मांडावं लागे. १९४६ च्या कायद्याने ते बंद करून नागरी सदस्यांच्या मंडळांची वाट मोकळी केली. मंडळ "चूक किंवा अन्याय" दुरुस्त करू शकतं. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, पण न्यायासाठी गरज वाटली तर ही मुदत माफ होते.

अडचण पुढे आहे. मंडळ सुरुवातीला गृहीत धरतं की सरकारी कामकाज नीट झालं असणार. तसं झालं नाही हे पुराव्याने दाखवायचं काम अर्जदाराचं. म्हणजे फाईल सरकारने सांभाळायची, ती सरकारच्या इमारतीत जळायची, आणि पुरावा आणायचा म्हाताऱ्याने. निकाल वाचताना मला याची चीड आली, खरं सांगतो.

तरीही दुसरी बाजू आहे. न लढता पदकं मिरवणारेही असतात. पन्नास वर्षांनंतरची आठवण प्रामाणिक असूनही चुकते. पर्पल हार्टसाठी जखम शत्रूच्या कारवाईतून झालेली हवी, वैद्यकीय अधिकाऱ्याने उपचार केलेले हवेत आणि त्याची नोंद हवी. अर्जदाराच्या नुसत्या शब्दावर पदक द्यायला लागलो तर खऱ्यांच्या पदकाची किंमत जाते. म्हणून मंडळाने पुरावा मागणं चूक नाही. पण पुरावा का नाही, हे आधी विचारायला हवं.

कागद हरवला, की लिहिलाच नाही?

कॅप्टन पॅरिस डेव्हिस हे अमेरिकी स्पेशल फोर्सेसमधल्या मोजक्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी एक. १७-१८ जून १९६५ ला व्हिएतनाममधल्या बोंग सोनजवळ सुमारे १९ तास लढाई चालली. स्वतः अनेकदा जखमी होऊनही आपल्या तुकडीतले अमेरिकी सहकारी बाहेर निघेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. वरिष्ठांनी लगेच मेडल ऑफ ऑनरसाठी शिफारस केली. ती हरवली. १९६९ मध्ये चौकशी झाली तेव्हा फाईल सापडली नाही. पुन्हा पाठवायला सांगितलं, तीही गेली. नोंदीवर राहिलं ते त्याखालचं सिल्व्हर स्टार. २०१६ पासून जुन्या सहकाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी साक्षी-कागद जमवून प्रकरण नव्याने उभं केलं, आणि ३ मार्च २०२३ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांना ते पदक मिळालं. इथे आग लागली नव्हती. एकाच माणसाचा कागद दोनदा हरवतो, तेव्हा संशोधकाने "योगायोग" म्हणून पुढे जाऊ नये.

एक माणूस सोडा, आता पूर्ण डेटासेट बघा. दुसऱ्या महायुद्धासाठी चारशेहून जास्त मेडल ऑफ ऑनर दिली गेली होती. सैन्यात दहा लाखांहून जास्त कृष्णवर्णीय होते. त्यांना मिळालेली पदकं: शून्य. हे शून्य शौर्याचं माप होतं का? १९९३ मध्ये लष्कराने शॉ विद्यापीठाला अभ्यास सोपवला. त्यातून नावं पुढे आली, मुदत उलटली होती म्हणून काँग्रेसने सवलत दिली, आणि १३ जानेवारी १९९७ ला सात जणांना पदकं मिळाली. त्यांतले एकटे व्हर्नन बेकर हयात होते. बाकीच्या सहा जणांची पदकं नातेवाइकांनी किंवा इतरांनी स्वीकारली.

तुमच्या कामासाठी

साहित्य सर्वेक्षण असो, दप्तरखान्यातली फाईल असो की प्रयोगशाळेचं रजिस्टर, रिकामा रकाना दिसला की चार प्रश्न विचारा. नोंद करण्याचा नियम तेव्हा होता का? नोंद झाली होती पण नष्ट झाली का? हरवली असेल तर कोणाची हरवली, सगळ्यांची की ठरावीक लोकांची? की ती लिहिण्याच्या लायकीची कोणाला वाटलीच नाही? उत्तर मिळेल तसं ते प्रबंधात लिहा. व्हायवाला कोणी "हा डेटा कुठे आहे?" असं विचारलं, तर "नाही" एवढंच सांगू नका, का नाही तेही सांगा.

मी माझ्या एक्सेलमधली ती चार शून्यं त्याच दिवशी पुसली. रकाने रिकामे ठेवले आणि शेजारी लिहिलं: "लाईट गेली होती, मोजलेलं नाही." ग्राफ जरा तुटका दिसतो. मॅडमनी मात्र त्या पानावर लगेच सही केली.