परवान्याचं पुस्तक

चेन्नईत टी. नगरला राहायला आल्यावर मी बाजारातून बांबूचं एक सूप घेतलं. तमिळमध्ये सुपाला मुरम म्हणतात, बांबूला मूंगिल. तांदूळ पाखडताना माझं मन मात्र गडचिरोलीत जातं, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावात. रानातला बांबू बाजारात आणायचा तर सोबत एक कागद लागतो. वाहतूक परवाना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘टीपी’. त्या कागदाचा हा मागोवा.

वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. इंग्रजांनी 1878 च्या वन कायद्यात त्याला झाडांत बसवलं आणि 1927 च्या कायद्याने ते तसंच ठेवलं. त्या एका शब्दाने बांबूची मालकी फिरली. घराचा कूड, कणगी, टोपली, पावसाळ्यातली वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, सगळं ज्या रानातून येतं, तिथल्या बांबूची वाहतूक वनखात्याच्या शिक्क्यावाचून बेकायदा ठरली. गावाच्या वाट्याला आला तो घरच्या गरजेपुरता निस्तार. तोही मागून घ्यायचा. त्याच रानातला बांबू कागद कारखान्याकडे मात्र दीर्घ मुदतीच्या कराराने जात राहिला. मला यात नुसती गैरसोय दिसत नाही, हा अन्याय होता.

मेंढ्याने हक्क मागण्याआधी आपली ग्रामसभा घडवली, हे मला फार मोलाचं वाटतं. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचंही मन वळलं नसेल तर बैठक पुन्हा. गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यासगट बसले. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही तिथे अभ्यासाचा विषय होता. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. वनहक्काच्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून गाव रान राखत होतं.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकडाखेरीजच्या रानातल्या उत्पन्नात धरला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण हक्क कागदावर आला, परवान्याचं पुस्तक वनखात्याच्याच कपाटात राहिलं. आपला बांबू आपण तोडायचा आणि न्यायचा दुसऱ्याच्या सहीने! गावाने हे मानलं नाही. बांबू विकायचा तो ग्रामसभेच्याच परवान्यावर, असा आग्रह धरला.

27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आतापर्यंत वनखात्याची असलेली सही त्या दिवशी गावाची झाली. त्या बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला. तोडीची मजुरी गावातल्या हातांना मिळू लागली. पुढे सप्टेंबर 2012 मध्ये वनहक्क कायद्याच्या नियमांतच दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. एका गावाचा हट्ट देशाचा नियम झाला.

नोव्हेंबर 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, पण त्याची मोकळीक फक्त वनाबाहेरच्या जमिनीला मिळाली. शेताच्या बांधावरच्या बेटाला आता तो परवाना लागत नाही. बांध ओलांडून रानात शिरलं की तोच बांबू वन कायद्याच्या लेखी अजून वनोपज आहे, आणि मेंढ्यातून तो बाहेर निघतो तेव्हा सोबत ग्रामसभेच्या पुस्तकातलं पान असतं.