जुन्या मशीनला नवं डोकं: सोलापूरच्या जकार्डपासून सीएनसीपर्यंत

लहान हौशी मिलिंग मशीनची हँडलं काढून तिथे मोटरा लावल्या आणि ती कॉम्प्युटरवर चालवली, तर ती खरी सीएनसी म्हणायची की नुसता जुगाड? वर्कशॉपमध्ये हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. माझं उत्तर आपल्या सोलापुरी चादरीपासून सुरू होतं.

चादरीवरची नक्षी काढतं ते जकार्ड. आता गंमत बघा, जकार्ड म्हणजे अख्खा माग नव्हे. ते मागाच्या डोक्यावर बसवलेलं वेगळं यंत्र आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी ते १८०४ च्या सुमारास पुढे आणलं. पुठ्ठ्याच्या कार्डात छिद्र असेल तिथे हूक उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. छिद्र नसेल तिथे धागा खालीच राहतो. त्याआधी नक्षीसाठी दोऱ्या ओढायला मागाजवळ एक पोरगा लागायचा. त्याचं काम कार्डांकडे गेलं. विणण्याची रीत मात्र तीच राहिली.

आता अमेरिकेत जाऊ. १९४० च्या दशकात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वक्राचे बिंदू ते आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रावर काढून घेत. मग मिलिंग मशीनपाशी एक माणूस आकडे वाचायचा आणि दोघे जण एकेक हँडल फिरवायचे. हेच काम मशीनने आपणहून करावं, ही त्यांची कल्पना. अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला, एमआयटीने काम केलं आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं.

ते मशीन नवं घडवलेलं नव्हतं बरं का! सिनसिनाटी कंपनीचं तयार मिलिंग मशीन घेऊन त्यात बदल केले होते. शेजारची नियंत्रणाची कपाटं जवळपास मशीनएवढी जागा अडवत होती. म्हणजे घरच्या मशीनला मोटरा लावणारा आपला माणूस मूळ वाटेनेच चालला आहे. त्याला कमी लेखायचं कारण नाही.

पण इथे एक मेख आहे. जुन्या स्क्रूमध्ये थोडा ढिलेपणा असतो, ज्याला कारागीर 'प्ले' म्हणतात. हँडल उलटं फिरवलं की आधी तो प्ले संपतो, मगच टेबल हलतं. मुरलेल्या कारागिराचा हात हे जाणतो आणि टेबल नेहमी एकाच बाजूने आणतो. मोटरला हे कळत नाही. हिशेब करू. साध्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं असतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं. प्ले ०.२ मिलिमीटर असेल तर आठ पावलं वाया जातात, आणि गोल भोक अंडाकृती होतं.

म्हणून एकतर बॉल स्क्रू बसवायचा, नाहीतर प्ले मोजून तो आकडा सॉफ्टवेअरला सांगायचा. हाताला ठाऊक होतं ते कुणीतरी मशीनला सांगावंच लागतं. जकार्डचंही तसंच आहे. आज कार्डांऐवजी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, तरी कोणता धागा कुठे उचलायचा हे कापड जाणणाराच ठरवतो.

माझं म्हणणं एवढंच, की जुनं मशीन भंगारात घालू नका आणि ते चालवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरालाही घरी बसवू नका. मोटरा विकत घ्यायच्या आधी त्याला बोलवा, डायल गेज लावा आणि प्ले मोजा.