तिकिटावरची शंभर वर्षं

पोस्टात आपण जातो ते बहुतेक खात्यात पैसे भरायला. आज मात्र आम्ही पोस्टाच्या एका तिकिटाची गोष्ट आणली आहे, आणि तीही दूरच्या जर्मनीतली. ऐकता ऐकता आपल्या गटाचं रजिस्टर डोळ्यांपुढे आलं, तर नवल नाही.

1982 साली पश्चिम बर्लिनच्या पोस्टाने 60 फेनिगचं एक तिकीट काढलं. फेनिग म्हणजे तिथले तेव्हाचे पैसे. शंभर फेनिगांचा एक मार्क. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला शंभर वर्षं झाली, म्हणून ते तिकीट. त्या काळी बर्लिन शहराच्या मधून भिंत गेलेली होती, आणि पश्चिमेकडच्या भागाची तिकिटंही वेगळी निघत.

वाद्यवृंद म्हणजे व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, नगारे असं सगळं घेऊन शंभरेक माणसं एकत्र वाजवतात. समोर एक संचालक उभा राहून हाताच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना धरून ठेवतो. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहताही तिथे संचालक म्हणून उभे राहिले आहेत.

या वाद्यवृंदाची सुरुवात मात्र भांडणातून झाली. बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्झे नावाच्या मालकाचा बँड होता. 1882 साली कार्यक्रमासाठी वॉर्सा शहरी जायचं ठरलं, आणि वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने न्यायचं मालकाच्या मनात होतं. चौथा वर्ग म्हणजे बसायला धड बाकं नाहीत; माणसं आपल्या बोचक्यांसकट उभ्याने जायची. वाद्य सांभाळत असं जायचं, आणि उतरून वाजवायचं! 54 वादक बाहेर पडले. त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि सुरुवातीला नाव ठेवलं ‘पूर्वीचा बिल्झे बँड’. घर सोडलं तरी आडनाव तेच राहावं, तसं.

आता मालक नव्हता. आपल्यात कोणाला घ्यायचं, हे वादक आपसात मतदान करून ठरवू लागले. आपल्या बैठकीत ठराव होतो, तसंच. पैशाची ओढाताण होतीच. चाकांचे बूट घालून घसरायचा एक हॉल होता, तोच त्यांचा संगीताचा हॉल झाला. 1887 मध्ये हेरमान वोल्फ नावाच्या व्यवस्थापकाने कारभार हाती घेतला, तेव्हा कुठे घडी बसली. पुढे हिटलरच्या राजवटीत सरकारने वाद्यवृंद आपल्या हाती घेतला आणि ज्यू वादकांना तिथून जावं लागलं. 1944 मध्ये बाँब पडून तो हॉल गेला. नवा हॉल 1963 मध्ये उभा राहिला, भिंतीपासून जवळच.

तिकीट निघालं ते या सगळ्याच्या गौरवाचं. पण त्या शंभर वर्षांत सदस्यांच्या यादीत एकाही बाईचं नाव नव्हतं. चौथ्या वर्गाचा अपमान ज्यांना सहन झाला नाही, त्यांनी स्वतःचं दार मात्र असं बंद ठेवलं. तेही मालकाच्या हुकमावरून नाही, आपल्याच मतांनी. आम्हाला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

तिकिटाच्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, मादलेन कारुझो ही स्वित्झर्लंडची व्हायोलिनवादक रुजू झाली. सदस्य झालेली ती पहिली स्त्री. त्याच सुमारास संचालक हेर्बर्ट फॉन करायान यांनी झाबिने मायर या तरुण क्लॅरिनेटवादक मुलीला आणलं. वादकांनी मत दिलं : तिच्या विरोधात 73, बाजूने 4. कारण काय, तर तिचा सूर आमच्या सुरात मिसळत नाही. ती बाई आहे हेच खरं कारण, असं करायान यांना आणि इतरही पुष्कळांना वाटलं. करायान हटून बसले, वादकही बसले. त्या ओढाताणीत शेवटी बाहेर पडली ती तीच. पुढे एकटीच्या वादनावर तिने जगभर नाव कमावलं. करायान आणि वादक यांचं मात्र पुन्हा पहिल्यासारखं जमलं नाही.

मालकाने एखादीला नेमावं आणि सभासदांनी नाकारावं, यात सभासदांचा हक्क मोठा की तिचा? आमच्यात यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाली, मत म्हणजे मत. दुसरी म्हणाली, गटात नवी बाई घ्यायची म्हटलं की ‘तिचं आपल्याशी जुळणार नाही’ असं आपणही म्हणतोच की. त्या ‘जुळणार नाही’च्या पोटात कधी तिची जात असते, कधी तिचं नवऱ्याविना राहणं. यावर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

वाद्यवृंदात व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीला मोठा मान असतो. तिथे बसणारा बाकीच्या वादकांचा म्होरक्या. बर्लिनच्या त्या खुर्चीवर पहिली स्त्री बसली 2023 साली. तिचं नाव विनेता सारैका.